तांबड्या टॉवेलाखालची शाळा

पद्मराज मगदूम यांना मी प्रथम पाहिले ते जांबोटीच्या बस थांब्यावर, जून २०११ च्या दुसऱ्या सोमवारी. एका हातात पत्र्याची ट्रंक, दुसऱ्या हातात छत्री आणि खांद्याला एक जड पिशवी, तिच्यातून पितळी घंटेचा कान बाहेर आलेला. बसमधून उतरलेल्या चार जणांपैकी तिघे आपापल्या वाटेने निघून गेले आणि हे तेवढे मागे राहिले. त्या भागातल्या अकरा लहान शाळांची देखरेख तेव्हा माझ्याकडे असे. नव्या शिक्षकाला जागेवर पोचवणे हे त्यातलेच एक काम. मी माझी ओळख सांगितली. त्यांनी नमस्कार करून विचारले,

"सर, घोटीमाळ इथनं किती लांब?"

"नऊ किलोमीटर. पाच जीपने, चार पायी."

"आणि सूर्य किती वाजता मावळतो तिथं?"

छत्तीस वर्षांच्या नोकरीत अनेक नव्या शिक्षकांनी मला अनेक प्रश्न विचारले होते. वीज आहे का, मोबाईलला रेंज आहे का, बदली कधी मिळते. सूर्याची चौकशी करणारे हे पहिलेच. पुढे खुलासा झाला. मगदूम हे निपाणीजवळच्या एका खेड्यातले जैन शेतकरी कुटुंबातले. सूर्यास्तानंतर अन्न घ्यायचे नाही आणि कांदा-बटाटा खायचा नाही, हा त्यांचा नेम. पोचल्यावर चूल पेटवून भात होईपर्यंत दिवस राहील की नाही, एवढेच त्यांना जाणून घ्यायचे होते.

दिवस राहिला नाही. त्या रात्री ते पाणी पिऊन झोपले.

घोटीमाळ ही बावीस घरांची वस्ती. राहणारे सगळे गवळी धनगर. पिढ्यान् पिढ्या डोंगरमाथ्यावरच्या जंगलात म्हशी राखणारे हे लोक आपल्या वस्तीला 'वाडा' म्हणतात. घरे कुडाची, दारासमोर म्हशींचे गोठे, मधोमध म्हसोबाचा शेंदूर लावलेला दगड आणि त्या दगडापासून वीस पावलांवर आमची मराठी शाळा. एक खोली, एक ओसरी, एक कपाट. भरतीच्या यादीत मगदूम यांचे नाव तळाला होते, आणि निवडायला उरलेली जागाही ही एकच होती. म्हणजे त्यांनी घोटीमाळ निवडले नव्हते आणि घोटीमाळनेही त्यांना निवडले नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला त्यांनी ती निपाणीहून आणलेली घंटा ओसरीला टांगली आणि नियमाप्रमाणे दहा टोल दिले. मुले आली नाहीत. म्हशी आल्या. अर्ध्या मैलावर चरायला गेलेल्या सत्तर-ऐंशी म्हशी माना वर करून माघारी फिरल्या आणि शाळेच्या अंगणात येऊन उभ्या राहिल्या. त्या वाड्यात पितळी घंटा गेली चार पिढ्या एकाच गोष्टीसाठी वाजत आली होती, संध्याकाळी म्हशींना घरी बोलावण्यासाठी. त्यांच्या मागोमाग धापा टाकत आलेल्या राखण्यांनी नव्या गुरुजींविषयी जे उद्गार काढले, ते मी इथे लिहीत नाही.

मगदूम यांनी घंटा उतरवली आणि शिट्टी आणली. शिट्टीला कुत्री येऊ लागली. ताट वाजवून पाहिले, तेव्हा मुले आली खरी, पण जेवायला. शेवटी त्यांनी एका उंच बांबूला आपला तांबडा टॉवेल बांधून तो ओसरीपुढे उभा केला. टॉवेल वर असला की शाळा भरली, खाली आला की सुटली. रानात लांब गेलेल्या मुलालाही तो झाडांच्या शेंड्यांवरून दिसत असे. पुढे उन्हाने तो टॉवेल विटला की मगदूम नवा आणत. रंग मात्र त्यांनी कधी बदलला नाही.

दुपारचे जेवण शिजवायला शाळेत बाळाबाई होत्या. वय साठीच्या पुढे, आवाज खणखणीत, वाड्यातला शेवटचा शब्द त्यांचा. गुरुजी पहिल्या रात्री उपाशी झोपले हे त्यांना दुसऱ्या दिवशी कळले.

"का जेवला न्हाईसा?" त्यांनी विचारले.

"सूर्य मावळला होता, आक्का."

"मावळंना का. तुमच्या तोंडात का चिमणी लावायची हाय?"

मगदूम यांनी आपला नेम सांगितला. बाळाबाईंनी तो नीट ऐकून घेतला. दिवस मावळण्याआधी एका घरातून गुरुजींचे ताट झाकून आले, कांद्याशिवायचे. बावीस घरांनी वार वाटून घेतले होते. मी पुढे एकदा विचारले, तेव्हा बाळाबाई म्हणाल्या, "त्येंचा द्येव उजेडात जेवतो. आमाला काय, भाकरी दोन तास आधी थापायची." त्या दिवसापासून ताट एकदाही अंधारात आले नाही.

वाड्याचाही एक नेम होता. माघ महिन्यातल्या पहिल्या मंगळवारी तिथे 'मोकळा वार' पाळतात. सूर्य उगवण्याआधी अख्खा वाडा रिकामा करायचा. चुली विझवायच्या, म्हशी, रेडके, टोपलीतल्या कोंबड्या, म्हातारी माणसे, पाळण्यातली मुले, सगळ्यांनी ओढ्यापलीकडच्या मोकळ्या माळावर जायचे. वाटेच्या तोंडावर जांभळीची फांदी आडवी ठेवायची. त्या दिवशी म्हसोबा आपली जागा एकट्याने हिंडून पाहतो, अशी श्रद्धा. सूर्यास्तापर्यंत वाड्यात माणसाचे पाऊल पडता कामा नये. पडलेच, तर तो दिवस मोडला आणि पुढच्या मंगळवारी सगळे पुन्हा.

पहिल्या वर्षी मगदूम यांनी तो मोडला. सगळ्यांबरोबर माळावर गेले, दुपारी मुलांच्या वह्या तपासायची आठवण झाली, आणि कुणाला न सांगता फांदी ओलांडून शाळेतून वह्या घेऊन आले. काखेतला गठ्ठा सगळ्यांनी पाहिला. कुणी रागावले नाही. बाळाबाई एवढेच म्हणाल्या, "बरं. आता पुढच्या मंगळवारी परत कोंबड्या धरायच्या." आणि पुढच्या मंगळवारी बावीस घरे, ऐंशी म्हशी आणि सगळ्या कोंबड्या पुन्हा ओढ्यापलीकडे गेल्या. मुलांना दोनदा सहल झाल्याचा आनंद होता. मगदूम मला म्हणाले, "सर, त्या दिवशी पाळण्यातलं पोर डोक्यावर घेऊन ओढा ओलांडणारी बाई बघितली, आणि मला माझ्या वह्यांची लाज वाटली."

आता सांगायचा आहे तो २०१८ चा मोकळा वार.

त्या वर्षी आमच्या भागातल्या कमी पटाच्या शाळांची एक यादी तयार झाली. भेटीच्या दिवशी दहापेक्षा कमी मुले हजर दिसली, किंवा हजेरीपट नीट आढळला नाही, तर ती शाळा खालच्या गावच्या शाळेत मिळवायची, म्हणजे तिथली बंद करायची, असे ठरले होते. घोटीमाळचा पट बाराचा. खालची शाळा चार किलोमीटर जंगलवाटेवर, मध्ये ओढा, पावसाळ्यात चार महिने तो ओलांडता येत नाही, आणि वाटेवर गवे. शाळा मिळवली तर घोटीमाळची मुले शाळेत जाणार नाहीत, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होते. त्यातली गंमत अशी की, शाळा बंद झाली असती तर मगदूम यांची बदली निपाणीकडे झाली असती. घरी पत्नी रूपाली आणि थकलेले वडील दर उन्हाळ्यात हीच वाट पाहत असत.

तपासणीचे अधिकारी नागेंद्र म्हणून होते. मूळचे धारवाडकडचे, मराठी चांगले बोलत, शिस्तीचे कडक. शुक्रवारी त्यांचा निरोप आला की घोटीमाळची भेट मंगळवार, तेवीस जानेवारीला. तो नेमका माघातला पहिला मंगळवार. वाड्यामागे एक मोठा खडक आहे, त्याच्यावर चढले तरच फोन लागतो. मगदूम यांनी तिथून दिवस बदलून मागितला. साहेब म्हणाले, बुधवारी यादी पुरी करून द्यायची आहे, दिवस बदलता येत नाही.

सोमवारी संध्याकाळी वाड्याची बैठक बसली. मी मुद्दाम आदल्या दिवशीच वर गेलो होतो, म्हणून ती मला ऐकायला मिळाली.

"उद्या पोरास्नी हितंच ठिवू," बाळाबाई म्हणाल्या. "सायेब बघून गेला की यितील पोरं माळावर. मोकळा वार फुडच्या मंगळवारी करू."

"नको, आक्का," मगदूम म्हणाले.

"का नको? मागं तुमच्यापायी दोनदा केलाच की. कोंबड्यास्नी बी सवय हाय."

लोक हसले. मगदूम हसले नाहीत.

"मागं चुकून मोडला. आता ठरवून मोडायचा का? माझं ताट सात वर्षांत एकदा तरी अंधारात आलं का?"

"आवं, पन शाळा गेली तर?"

"शाळा माळावर भरवू. साहेब मुलं मोजणार, भिंती न्हाय मोजणार."

बाळाबाईंनी माझ्याकडे पाहिले. मी नियमांचा मनात शोध घेतला. वर्ग परिसर अभ्यासासाठी बाहेर नेता येतो आणि तशी नोंद हालचाल वहीत आधी करावी लागते. मी तसे सांगितले. मगदूम यांनी ती नोंद तिथेच कंदिलापाशी केली.

मंगळवारी पहाटे वाडा निघाला. मुलांनी फळा, खडू, नकाशा, तागडी, गोष्टींच्या पुस्तकांची पेटी आणि जेवणाच्या ताटल्या वाटून घेतल्या. मगदूम यांच्या खांद्यावर टॉवेलाचा बांबू होता. सूर्य वर आला तेव्हा म्हशी माळावर चरत होत्या, तीन दगडांची चूल पेटली होती आणि तांबडा टॉवेल वाऱ्यावर उभा होता. मी खाली जाऊन साहेबांना घेऊन आलो. दहा पन्नासला आम्ही वाड्याच्या तोंडाशी पोचलो. जांभळीची फांदी आडवी होती, तिच्याशेजारी टेकवलेल्या पाटीवर सुवाच्य अक्षरात लिहिले होते, 'शाळा आज ओढ्यापलीकडे भरली आहे.' खाली तेच कन्नडमध्ये.

नागेंद्र यांनी रिकाम्या वाड्याकडे पाहिले, मग पाटीकडे. "काय हो सर, शाळा कुठं फिरायला गेली?"

मी ओढ्यापलीकडचा तांबडा ठिपका दाखवला.

माळावर मुले रांगेत बसली होती. साहेबांनी मोजली. अकरा. बारावा मुलगा मामाच्या वाड्याला गेला होता. साहेबांनी मान हलवली, कागदावर आकडा लिहिला आणि हात पुढे केला. "हजेरीपट द्या, मगदूम."

मगदूम पुस्तकांच्या पेटीकडे गेले. पेटी उघडली, सगळी पुस्तके बाहेर काढली, परत आत ठेवली. मग फळ्यामागे पाहिले. मग ते उभे राहिले, आणि त्यांच्या चेहऱ्यावरून मला सगळे समजले. साहेब येणार म्हणून आदल्या दिवशी त्यांनी हजेरीपटाला नवे तपकिरी कव्हर घातले होते, आणि मळू नये म्हणून तो कपाटात वरच्या खणात ठेवला होता. मुलांना काय काय उचलायचे ते वाटून देणाऱ्या माणसाने स्वतः उचलायची ती एकच वस्तू मागे राहिली होती.

"कपाटात राहिला, साहेब."

"मग आणा की. पाच मिनिटांची वाट आहे."

बाळाबाई पळी हातात घेऊन पुढे आल्या. "जावा गुर्जी. घिऊन या. म्हसोबाला मी सांगतो काय सांगायचं त्ये."

"तसं न्हाय जमायचं, आक्का." मग ते साहेबांकडे वळले. "साहेब, आज सूर्य मावळेपर्यंत वाड्यात माणसानं जायचं नसतं. मी जैन आहे. सूर्यास्तानंतर जेवत नाही. या लोकांनी सात वर्षं माझं ताट उन्हात वाढलंय, पावसाळ्यातसुद्धा, ढगांमुळं सूर्य दिसत नसताना अंदाजानं. यांचा वर्षातला एक दिवस. तो मी कसा मोडू?"

"हजेरीपट नसेल तर मला 'दाखवला नाही' असं लिहावं लागेल. त्याचा अर्थ काय, ठाऊक आहे?"

"ठाऊक आहे."

"तुम्हाला निपाणी मिळेल."

"तेही ठाऊक आहे."

नागेंद्र यांनी घड्याळ पाहिले. त्यांना आणखी दोन शाळा करायच्या होत्या, जीप खाली उभी होती. मला त्यांच्या बाजूने बोलायचे तर, त्यांच्या हातातला कागद त्यांनी तयार केलेला नव्हता आणि त्यात मोकळ्या वाराचा रकाना नव्हता.

"सूर्यास्त किती वाजता?" त्यांनी विचारले.

"सहा बावीस," मगदूम म्हणाले. हा आकडा त्यांना वर्षभर रोजचा पाठ असतो.

"भेटीची वेळ मीच लिहायची असते," साहेब स्वतःशी म्हटल्यासारखे म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "सर, तुमच्या त्या फोनच्या खडकावर चढा आणि दोन्ही शाळांना कळवा, उद्या सकाळी आठपासून येतो म्हणावं."

खडकाची वाट वाड्याबाहेरून जाते, हे मी आधी विचारून घेतले. वयाच्या साठाव्या वर्षी त्या खडकावर चढताना माझी एक चप्पल खाली गेली, ती नंतर एका मुलीने आणून दिली.

मी परत आलो तेव्हा साहेबांनी बूट काढले होते आणि ते मुलांना कन्नड पाढे म्हणायला लावत होते. मुले म्हणतही होती. मग त्यांनी तिसरीतल्या अबोलीला विचारले, "तुमच्या घरी म्हशी किती?"

"चांदी, मोरी, भिंगरी, सुंदरी, भुरी, कवळी आनि भुरीचं रेडकू," अबोली म्हणाली.

"नावं नको गं. किती ते सांग."

"सांगितलं की."

मगदूम यांनी समजावले. वाड्यात म्हशी आकड्यांनी मोजत नाहीत. संध्याकाळी नावे घेतात. जिचे नाव घेऊन ती पुढे आली नाही, ती रानात राहिली. आकडा सांगतो एक कमी आहे, पण कोणती कमी आहे ते सांगत नाही. मग मगदूम यांनी अबोलीलाच फळ्यावर बोलावले. तिने सहा म्हशी आणि एक रेडकू मांडून सात लिहिले, शेजारच्यांच्या नऊ मिळवून सोळा केले, त्यातून रेडकू आणि आटलेल्या म्हशी वजा करून रोज दोन शेर दूध देणाऱ्या किती ते काढले, आणि उत्तराखाली दोन रेघा मारल्या.

"हौदु, बरोबर," साहेब म्हणाले.

"आता तुमी सांगा," अबोली म्हणाली. "त्या उंबराखाली हायेत त्यातली आमची भिंगरी कुठली?"

साहेबांनी बोट दाखवले. मुले पोट धरून हसली. तो रेडा निघाला. साहेबांनी जिद्द धरली. दुपारभर मुले त्यांना म्हशी ओळखायला शिकवत होती, शिंगांची वळणे, कपाळावरचा चांद, चालण्याची तऱ्हा. चारच्या सुमारास रीतसर परीक्षा झाली. अकरा म्हशींपैकी त्यांना चार ओळखता आल्या.

"नापास," बाळाबाई चुलीपाशी बसून म्हणाल्या. "पन बसवू या वरच्या वर्गात. पयलंच वरीस हाय."

नागेंद्र त्या दिवशी पहिल्यांदा मोठ्याने हसले. साडेपाचला मगदूम यांचे ताट आले, नेहमीप्रमाणे झाकलेले, उन्हात. साहेबांनी ते पाहिले आणि आपलेही ताट तेव्हाच मागून घेतले.

सहा बावीसला सूर्य डोंगराआड गेला. बाळाबाईंनी फांदी उचलून बाजूला ठेवली. आधी म्हशी आत गेल्या, मग रेडके, मग माणसे, असाच तिथला क्रम आहे. सर्वांत शेवटी मगदूम गेले, आणि सहा चाळीसला नव्या तपकिरी कव्हरातला हजेरीपट साहेबांच्या हातात पडला. त्यांनी पाने उलटली, खाडाखोड कुठे नव्हती. अकरा नावे मुलांसमोर वाचून घेतली, सही केली. मग शेरेबुक मागवून कंदिलाच्या उजेडात सावकाश लिहिले. ते वाक्य मी त्याच वेळी उतरवून घेतले आहे:

'भेटीची वेळ सकाळी १०.५० ते सायंकाळी ६.४०. शाळा पूर्ण वेळ भरलेली आढळली. मुलांचे व्यवहारज्ञान भेट देणाऱ्या अधिकाऱ्यापेक्षा अधिक आहे.'

जूनमध्ये मिळवायच्या शाळांची अंतिम यादी आली. तिच्यात घोटीमाळचे नाव नव्हते. ही बातमी मी फोनवर सांगितली तेव्हा मगदूम त्या खडकावर उभे होते, आणि त्यांच्या पाठीमागे मला पाऊस ऐकू येत होता. ते म्हणाले, "सर, वडिलांना मी कळवतो. तुम्ही नका कळवू." वडिलांनी चार दिवस अबोला धरला. दिवाळीच्या सुट्टीत रूपालीताई स्वतः घोटीमाळला राहून गेल्या. जाताना बाळाबाईंना कांद्याशिवायची आमटी शिकवून गेल्या. बाळाबाईंच्या मते ती त्यांच्या आधीच्या आमटीहून वाईट होती. तरी ती होते, आठवड्यातून एकदा.

मी निवृत्त होऊन आता बेळगावात राहतो. मगदूम घोटीमाळलाच आहेत. पट सध्या पंधरा आहे. अबोली खालच्या गावी हायस्कूलला जाते आणि पावसाळ्यात जांबोटीला मामाकडे राहते. माघातल्या पहिल्या मंगळवारी शाळा अजूनही ओढ्यापलीकडे भरते, आणि तशी नोंद हालचाल वहीत आठवडाभर आधी होते. आदल्या संध्याकाळी बाळाबाई काठी टेकत ओसरीवर येतात आणि कोंबड्यांची रिकामी टोपली मगदूम यांच्यासमोर ठेवतात.

"गुर्जी, पयलं ते बुक टाका ह्यात. कोंबड्या मग भरू."

मगदूम हजेरीपट टोपलीत तळाशी ठेवतात. गेल्या वर्षी एका कोंबडीने त्यावर अंडे घातले. कव्हर त्यांनी बदलले, पण आतली पाने स्वच्छ होती, हे मी स्वतः जाऊन पाहिले आहे.